निवडण

दुपारी दीडला मी पंखा बंद करते.
मे महिना, प्रभादेवी, तिसरा मजला.
पात्यांचा वारा पारड्यावर येऊन बसतो
आणि तिसरा आकडा झोके घेतो,
म्हणून.

टेबलावर जुनं इडलीपात्र,
सोळा खळगे, प्रत्येकात चिठ्ठी चिकटवलेली:
पाचशे एकोणतीस. पाचशे तीस. पाचशे एकतीस.
मिलिग्रॅम.
डब्यात पाचशे छर्रे,
सगळे एकाच साच्यातून, एकाच दिवशी निघालेले
असं झाकणावर छापलंय.
काटा तसं म्हणत नाही.

छर्र्याला डोकं असतं, बसकं.
मग कंबर.
मग परकर. हो, परकरच म्हणतात.
परकराची कड जरा दुमडली
की तो हवेत फेर धरतो,
दहा मीटरवर केसाइतका सरकतो,
आणि निहिराच्या दहा पूर्णांक तीनचे
नऊ पूर्णांक नऊ होतात.
हे तिनं मला शिकवलं.
परकर कसा असतो ते मी तिला
माझा शाळेतला फोटो काढून दाखवलं.

अप्पांच्या दुकानात, गिरगावात,
काचेच्या पेटीतला काटा होता.
सकाळी आधी त्याला नमस्कार, मग देवाला.
मला खेळायला गुंजा मिळायच्या,
तांबड्या, काळ्या डोळ्याच्या.
काटा नाही.
"पोरीचा हात हलका," म्हणायचे.
हलका म्हणजे चांगला की वाईट
हे विचारायचं राहूनच गेलं.
भाऊ काट्यावर बसायला शिकला.
भावानंच दुकान विकलं.

हा काटा झवेरी बाजारातून आणला,
धरमशीभाईंकडून, हप्त्यानं.
"सोनं मोजणार?" त्यांनी विचारलं.
"शिसं," म्हटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवून
मला एकदा नीट बघून घेतलं.

एक छर्रा म्हणजे चार गुंजांच्या वर,
साडेचारच्या आत.
अप्पा अर्ध्या गुंजेवर हटून बसायचे.
मी बसते
गुंजेच्या शंभराव्या तुकड्यावर, त्याहूनही कमी.

चिमट्यानं उचलायचा, ठेवायचा,
काचेचं दार लावायचं, थांबायचं.
आकडा स्थिर होईतो श्वास आत.
खालून सिमेंटचा ट्रक गेला.
पुन्हा.
कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत येतो
आणि तिथे विचार करत लटकतो.

साडेतीनला बोटं काळी झालेली असतात.
अप्पा हात धुवायचे ते पाणी घमेल्यात साठवायचे,
त्यातला गाळ आणि दुकानाची झाडलोट
वर्षातून एकदा झारेकरी पैसे देऊन न्यायचा.
माझं पाणी मोरीत जातं.
साबण दोनदा लावायचा, मगच चहा.

राज्य स्पर्धेत ती तीन दशांशांनी हुकली.
रात्री मी उरलेले बावीस छर्रे
पुन्हा काट्यावर घेतले. एकेक.
सगळे पाचशे तीस.
ती दारात उभी, दात घासत.
"आई, ठेव ते.
साठावी गोळी मारायच्या आधीच
मला आनंद झाला होता."

त्याला इडलीपात्रात खळगा नाही.

जड, हलके, कड दुमडलेले,
ही सगळी निवडण श्रीखंडाच्या डब्यात साचते.
तीन डबे संपले की वरळी कोळीवाड्यात
चांगुणाबायकडे नेऊन देते.
ती पत्र्याच्या भांड्यात वितळवते,
वाळूत बोट खुपसून साचा करते, ओतते.
जाळ्याला लावायला.

काल तिनं डबा तळहातावर
एकदा, दोनदा, उडवला.
"पावशेर हाय. वर थोरा."
निघताना मी मोजलं होतं:
दोनशे एक्केचाळीस ग्रॅम, डबा वगळून.
सांगितलं नाही.

"एवढं बारीक कशाला निवडतेस गो?"
तिनं विचारलं.
मी म्हटलं, पोरीसाठी.
ती हसली. म्हणाली, जाळं तळाला बसलं
की झालं,
आणि माझा हात हातात घेऊन
उलटा करून बघितला.
"हलका हाय," म्हणाली.